मंजूर तास, मिळालेले तास

अमेरिकेच्या आयोवा राज्यातलं सीडर रॅपिड्स हे मक्याच्या शेतांनी वेढलेलं मध्यम आकाराचं शहर. ओट्स दळणारी एक अवाढव्य गिरणी, तिचा गावभर दरवळणारा वास आणि बातम्यांत फारसं न येणारं जगणं. पण यंत्रांच्या आधाराने जगणाऱ्या मुलांनी इस्पितळाबाहेर राहावं की नाही, या प्रश्नावर अख्ख्या अमेरिकेला दोनदा विचार करायला लावला तो याच गावाने.

पहिली वेळ 1981ची. केटी बेकेट ही 1978मध्ये जन्मलेली मुलगी. काही महिन्यांची असतानाच मेंदूज्वर झाला, त्यातून जीव वाचला, पण श्वासासाठी व्हेंटिलेटर लागू लागला. तीन वर्षांची झाली तरी तिचा मुक्काम इस्पितळातच होता. डॉक्टर म्हणत होते, घरी न्या. आईवडीलही तयार होते. अडलं होतं सरकारी नियमावर. गरजूंसाठी असलेली मेडिकेड ही सरकारी आरोग्य योजना तिच्या इस्पितळाचं बिल भरत होती, पण ती घरी गेली की आईवडिलांचं उत्पन्न तिच्या नावावर धरलं जाणार आणि ती योजनेतून बाहेर पडणार. म्हणजे महागडी खाट सरकारला चालत होती, स्वस्त घर चालत नव्हतं. 10 नोव्हेंबर 1981 रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी पत्रकार परिषदेत सरकारी नियमांच्या वेडगळपणाचा नमुना म्हणून हीच गोष्ट सांगितली. चक्रं हलली आणि ख्रिसमसच्या आत केटी घरी पोचली. पुढच्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन, अशा मुलाचं फक्त स्वतःचं उत्पन्न पाहून त्याला मेडिकेडमध्ये घेण्याची मुभा राज्यांना मिळाली. केटी कॉलेजातून पदवी घेऊन 34 वर्षं जगली. 2012मध्ये ती गेली.

दुसरी वेळ 1999ची. याच गावातला एक मुलगा चौथ्या वर्षी मोटरसायकलच्या अपघातात मानेपासून खाली लुळा पडला. बुद्धी शाबूत, श्वास व्हेंटिलेटरवर. शाळेत त्याच्याबरोबर दिवसभर नर्स लागणार, तिचा खर्च शाळेने का द्यायचा, असा वाद होता. 3 मार्च 1999ला सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला की खर्च शाळा मंडळानेच द्यायचा. त्याच वर्षी जूनमध्ये जॉर्जिया राज्यातल्या दोन स्त्रियांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने म्हटलं, की समाजात राहू शकणाऱ्या अपंग व्यक्तीला विनाकारण संस्थेत डांबून ठेवणं हा भेदभाव आहे. ‘ओल्मस्टेड’ नावाने हा निकाल ओळखला जातो आणि घरी नर्स मागणाऱ्या आईवडिलांचे वकील आजही तोच पुढे ठेवतात.

हक्क असे मिळाले. पण हक्क मिळाल्यावर रात्री दोन वाजता बाळाच्या गळ्यातली नळी साफ कोण करणार, हे कोणत्याच निकालात लिहिलेलं नसतं.

अमेरिकेत याची उत्तरं मुख्यतः दोन. एक म्हणजे घरी येणारी नर्स. या सेवेला तिथे ‘प्रायव्हेट ड्यूटी नर्सिंग’ म्हणतात. नाव ऐकून श्रीमंतांची चैन वाटते, पण पैसे बहुतेक वेळा मेडिकेडच देतं. 1967पासून या योजनेत मुलांसाठी वेगळी तरतूद आहे आणि 1989च्या दुरुस्तीने ती फार मजबूत झाली. एकवीस वर्षांखालच्या मेडिकेडधारक मुलाला वैद्यकीयदृष्ट्या जे आवश्यक आहे आणि जे मेडिकेड कायद्यातल्या सेवांच्या यादीत आहे, ते राज्याने द्यायचंच. मोठ्या माणसांना ती सेवा ते राज्य देत नसलं, तरीही. घरची नर्स त्या यादीत आहे. दुसरं उत्तर म्हणजे दिवसाचं वैद्यकीय केंद्र. 1980च्या दशकात फ्लोरिडात ही कल्पना रुजली, टेक्सासने 2013मध्ये अशा केंद्रांच्या परवान्याचा कायदा केला. लांबलचक इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून सगळे त्याला ‘पीपेक’ म्हणतात. पाळणाघर आणि इस्पितळाचा वॉर्ड यांच्या मधली जागा. जमिनीवर रंगीत चटया, भिंतीवर प्राणी, आणि प्रत्येक चटईशेजारी ऑक्सिजनची सोय. फ्लोरिडाच्या नियमांप्रमाणे साधारण तीन मुलांमागे एक कर्मचारी, त्यांत नोंदणीकृत नर्स असलीच पाहिजे. चोवीस तासांत जास्तीत जास्त बारा तास. रात्रीचा मुक्काम नाही.

केंद्र निवडलं तर दिवस कसा सुरू होतो, ते जरा जवळून पाहू. गळ्यात श्वासासाठी ट्रॅकिऑस्टॉमीची नळी आणि पोटात फीडिंगचं बटण असलेलं दोन वर्षांचं मूल. पहाटेचं फीड पंपावर संपत आलेलं. व्हॅन यायच्या आधी एक पिशवी तपासायची, तिला ‘गो-बॅग’ म्हणतात. आहे त्याच मापाची एक जादा नळी, एक माप लहान असलेली दुसरी (गळ्याचं छिद्र आक्रसलं आणि नेहमीच्या मापाची आत जाईना, तर ही), नळीचे पट्टे, कात्री, जेल, सलाईनच्या छोट्या बाटल्या, सक्शनच्या नळ्या, हाताने दाबून श्वास द्यायची अँबू बॅग. शिवाय बॅटरीवर चालणारं सक्शन मशीन, पल्स ऑक्सिमीटर, दिवसाचं दूध आणि औषधांच्या सिरिंजा. यातली एकही वस्तू नसली तर मूल दाराबाहेर काढायचं नसतं. व्हॅनमध्ये नर्स असते, कारण नळीत अडकणाऱ्या कफाला रस्त्यावरचा सिग्नल कळत नाही. कफ काढायला सक्शनची नळी मोजून तेवढीच आत घालायची आणि एका वेळी पाच-दहा सेकंदांत बाहेर. त्याहून जास्त वेळ गेला तर कफाबरोबर मुलाचा श्वासही ओढला जातो. हे चालत्या गाडीत करावं लागू शकतं. लांबच्या मुलाला असा प्रवास रोज दोनदा असतो. म्हणून केंद्राची पहिली परीक्षा त्याच्या इमारतीत न घेता त्याच्या व्हॅनमध्ये घ्यावी, असं माझं मत आहे. सोबत कोण असतं, वाटेत किती मुलं घेतात, पहिलं मूल किती वेळ गाडीत बसतं?

केंद्राच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. एक नर्स आजारी पडली तर दुसरी उभी असते. फिजिओ, बोलण्याचे आणि गिळण्याचे उपचार करणारे अनेक केंद्रांत येतात. आणि मुलाला मुलं दिसतात. घरातल्या खाटेवर वाढलेलं मूल शेजारच्या चटईवरच्या पोराच्या हातातली खुळखुळी पाहून पहिल्यांदा हात पुढे करतं, यात नवल नाही. नवल हे, की हा फायदा मंजुरीच्या कागदावर कुठेच मोजला जात नाही.

विरुद्ध बाजूला जंतू. जिथे दहा मुलं, तिथे सर्दी. निरोगी मुलाची सर्दी चार दिवसांची, फुप्फुसं दुबळी असलेल्याची मात्र अतिदक्षता विभागापर्यंत जाऊ शकते. आरएसव्ही या विषाणूचा थंडीतला हंगाम अशा घरांना तोंडपाठ असतो. 2023मध्ये अमेरिकेत निर्सेव्हिमॅब हे प्रतिपिंडाचं नवं इंजेक्शन आलं, त्याने लहानग्यांना बरंच संरक्षण मिळतं, पण सर्दीचे विषाणू काही एकच नसतात. मुदतीआधी जन्मलेलं, नुकतंच इस्पितळातून सुटलेलं, ऑक्सिजनवर असलेलं बाळाने पहिली थंडी घरीच काढावी, हे अनेक डॉक्टरांना बरं वाटतं, आणि त्यात तथ्य आहे.

आता घर. घरी एका मुलाला एक नर्स. ती त्या मुलाचा चेहरा वाचायला शिकते. ओठांच्या कडा कधी निळसर होतात, पंपाचा आवाज झाला की हे मूल आधी रडतं की आधी गप्प होतं, हे सारं. मुलाला कुठे न्यावं लागत नाही, झोप मोडत नाही. आणि मुख्य म्हणजे ती रात्री असते.

पण नर्स घरात येते म्हणजे घरात परकं माणूस येतं, दिवसाला एक किंवा दोन, आठवड्यातून चार-पाच वेगवेगळे चेहरे. नवराबायकोचं भांडण कुजबुजत करावं लागतं. ती स्वयंपाक करणार नाही, मोठ्या भावाला शाळेतून आणणार नाही. तिचं काम त्या एका मुलापुरतं, आणि ते बरोबरच आहे. शिवाय नर्स पाठवणाऱ्या बहुतेक एजन्सी आईवडिलांकडून आधीच लिहून घेतात, की नर्स आली नाही तर सगळं आम्ही करू, आम्हाला ते शिकवलेलं आहे.

सगळं घोडं अडतं ते इथेच. डॉक्टरने आठवड्याला 80 तास लिहिले, मेडिकेडचं काम पाहणाऱ्या विमा कंपनीने 80 मंजूर केले, पत्र घरी आलं. पत्र कितीही चांगलं असलं तरी पहाऱ्याला उभं राहत नाही. अमेरिकेत घरी जाणाऱ्या नर्सचा पगार इस्पितळातल्या नर्सपेक्षा सहसा कमी असतो, कारण मेडिकेड एजन्सीला जो दर देतं त्यातच सगळं भागवायचं असतं. व्हेंटिलेटर सांभाळू शकणारी अनुभवी नर्स मग इस्पितळातच राहते. एजन्सी नवख्या नर्सला पाठवते, ती दोन महिन्यांत शिकते आणि तिसऱ्या महिन्यात जास्त पगाराच्या जागी जाते. संध्याकाळी सहाला फोन येतो, आज रात्रीची नर्स येणार नाही, बदली मिळत नाही. आई खुर्ची ओढून खाटेशेजारी बसते. सकाळी तिला कामावर जायचं असतं. मिनेसोटातल्या इस्पितळांच्या 2019च्या एका अभ्यासात दिसलं, की अशा मुलांचा घरी जायचा दिवस लांबतो त्याचं सगळ्यात मोठं कारण घरी नर्स न मिळणं हेच. मूल बरं झालेलं, कागद तयार, आणि ते इस्पितळाच्या खाटेवर पडून.

फ्लोरिडात हे थेट न्यायालयात गेलं. मेडिकेडवरची सुमारे 140 मुलं वृद्धांसाठी असतात तशा नर्सिंग होममध्ये राहत होती, कित्येक घरापासून दूर. अमेरिकेच्या न्याय खात्याने 2013मध्ये राज्यावर दावा केला. दहा वर्षांनी, जुलै 2023मध्ये, संघराज्य न्यायाधीश डोनाल्ड मिडलब्रुक्स यांनी निकाल दिला. त्यातला गाभा मला फार महत्त्वाचा वाटतो. मंजूर केलेल्या घरच्या नर्सिंगच्या तासांपैकी 90 टक्के तास प्रत्यक्ष मिळालेच पाहिजेत, असा आदेश त्यांनी राज्याला दिला. म्हणजे न्यायालयाने मंजुरीची संख्या बाजूला ठेवून मिळालेल्या तासांची संख्या मोजायला घेतली. राज्याने अपील केलं, पण आईवडिलांच्या हातात एक मापदंड आला.

केंद्र की घर, हा वाद घालणाऱ्यांनी म्हणून आधी वेगळाच हिशोब करावा. कागदावरचे तास विसरायचे आणि गेल्या चार आठवड्यांत नर्स प्रत्यक्ष किती तास उभी राहिली, ते पाहायचं. दिवसा सगळ्या पाळ्या भरतात आणि रात्रीच्या बुडतात, असं बऱ्याच घरांत होतं. अशा घराला केंद्र उपयोगी पडत नाही, कारण केंद्र दिवसाचंच आहे. उलट दिवसाच्या पाळ्या बुडतात आणि आईची नोकरी जाण्याची वेळ आली आहे, तर केंद्राइतका खात्रीचा दुसरा मार्ग नाही. कागदोपत्री घरी एका मुलामागे एक नर्स आणि केंद्रात तिघांमागे एक कर्मचारी, म्हणून घर चांगलं, असं म्हणणाऱ्याने न आलेल्या नर्सचं प्रमाण किती, तेही सांगावं.

पुष्कळ कुटुंबं दोन्ही घेतात: दिवसा केंद्र, रात्री घरची नर्स. माझा कल या बाजूला आहे. पण टेक्सासमध्ये यात एक मेख आहे. तिथल्या नियमाप्रमाणे केंद्रातला एक तास घरच्या नर्सच्या एका तासाची जागा घेतो. जास्तीची गरज सिद्ध केली तरच बेरीज वाढते. त्यामुळे केंद्रात नाव घालण्याआधी विमा कंपनीच्या केस मॅनेजरला स्पष्ट विचारायचं, की केंद्राचे तास कोणत्या तासांतून वजा होणार. दिवसाचे वजा झाले तर ठीक. रात्रीच्या तासांना हात लागत असेल तर सही करायची नाही. केंद्र स्वस्त पडतं, म्हणून विमा कंपन्यांना ते आवडतं. स्वस्त आहे म्हणून वाईट, असं नाही. पण सुचवणारा कोण आणि त्यात त्याचा फायदा काय, हे माहीत असावं.

मूल तीन वर्षांचं झालं की तिसरा खेळाडू मैदानात येतो, शाळा. अमेरिकन कायद्याने अपंग मुलाला तिसऱ्या वर्षापासून सरकारी शाळेत हक्काची जागा असते आणि सीडर रॅपिड्सच्या त्या मुलामुळे नर्सही. चार वर्षांचं, चुणचुणीत, पण ट्रॅकिऑस्टॉमी असलेलं मूल केंद्रात सुरक्षित आहे म्हणून तिथेच ठेवायचं, हे मला पटत नाही. केंद्र त्याची नळी सांभाळेल, अक्षरओळख शाळाच देईल.

आता आपल्या लोकांकडे येऊ. टेक्सासमधल्या ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिन या भागांत मराठी कुटुंबं पुष्कळ. नोकरीच्या एचवन व्हिसावर आलेल्या जोडप्याला मुदतीआधी बाळ झालं आणि ते चार महिने नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात राहून यंत्रांसह घरी आलं, तर त्या घराचं गणित इतरांपेक्षा कडक असतं. विमा नोकरीचा. नोकरी गेली तर विमा जातो, आणि व्हिसाची सवलत साधारण 60 दिवसांची. अशा घरात बुडालेली नर्सची पाळी ही फक्त झोपेची बाब राहत नाही. बाळ तिथे जन्मलं असेल तर ते अमेरिकन नागरिक असतं, पण इंजिनियर आईवडिलांच्या पगारामुळे मेडिकेड सहसा मिळत नाही. कंपनीचा विमा घरच्या नर्सवर अनेकदा मर्यादा घालतो. टेक्सासमध्ये अशा मुलांसाठी ‘एमडीसीपी’ नावाची वेगळी योजना आहे, तिची यादी वर्षानुवर्षं लांबलेली. यादी ओलांडायचा एक विचित्र रस्ता नियमांतच आहे. फार नाजूक मूल थोड्या काळासाठी नर्सिंग होममध्ये दाखल करून बाहेर काढलं, तर त्याला पुढची जागा मिळू शकते. मुलाने संस्थेत जाऊ नये म्हणून असलेली मदत मिळवण्यासाठी त्याला एक रात्र संस्थेत ठेवायचं. रेगन असते तर त्यांना आणखी एक पत्रकार परिषद घ्यावी लागली असती.

मग पुण्याहून किंवा नाशिकहून आजी येते. व्हिजिटर व्हिसावर साधारण सहा महिने. घरी आजारी माणसासाठी ब्यूरोची सिस्टर बोलावणं तिला ओळखीचं असतं, म्हणून घरात नर्स असल्याचं तिला नवल वाटत नाही. नवल वाटतं ते नर्स चहासुद्धा घेत नाही याचं. आजी सक्शन शिकते, पंप लावायला शिकते, आणि महिन्याभरात केस मॅनेजरच्या तोंडून वाक्य येतं: घरात आता प्रशिक्षित माणूस आहे, तास कमी करता येतील का? इथे आईवडिलांनी विनयाने पण ठाम राहावं. आजी पाहुणी आहे, सहा महिन्यांनी परत जाणार, आणि वयाच्या पासष्टीत तिने रात्रभर जागं राहावं ही वैद्यकीय योजना होऊ शकत नाही. घरच्या माणसाची मदत खुशीची आहे, राज्याची जबाबदारी भरून काढायला नाही. (कोलोरॅडोसारख्या काही राज्यांत आईलाच नर्सिंग सहायकाचं प्रशिक्षण देऊन तिच्या तासांचा पगार देतात. हा मार्ग प्रामाणिक आहे, कारण तिथे निदान ते काम म्हणून मोजलं जातं.)

केंद्र पाहायला जायचं तर दुपारी चारच्या सुमारास जावं. सकाळी सगळं चकाचक असतं. चारला नर्सा दमलेल्या, मुलं कंटाळलेली, अलार्म वाजत असतात. अलार्म वाजल्यावर कोण वळतं, किती वेळाने, आणि मुलाकडे पाहतं की आधी यंत्राकडे? आजारी मुलासाठी वेगळी खोली आहे का, आणि ती खरोखर रिकामी आहे की सामानाने भरली आहे? घरी नर्स पाठवणाऱ्या एजन्सीला विचारायचा प्रश्न एकच पुरतो: या भागातल्या तुमच्या रात्रीच्या पाळ्यांपैकी गेल्या महिन्यात किती भरल्या? उत्तर टाळलं तर तेच उत्तर.

आणि पहिल्या दिवसापासून एक वही. तारीख, मंजूर तास, आलेले तास, न येण्याचं कारण, त्या रात्री कोण जागलं, त्या दिवशी कोणी रजा टाकली. काही महिन्यांनी मंजुरीचं नूतनीकरण येतं आणि तेव्हा कंपनी म्हणते, की तुम्ही 80 पैकी 50च तास वापरले, म्हणजे तुमची गरज 50ची. वही नसेल तर यावर बोलायला काही नसतं. वही असेल तर पानं पुढे ठेवता येतात. मेडिकेडच्या तासांत कपातीची नोटीस आली तर 10 दिवसांच्या आत अपील करायचं आणि त्याच अर्जात, निकाल लागेपर्यंत आहेत ते तास चालू ठेवा, असं लिहायचं. दहाव्या दिवसानंतर अपील करता येतं, पण तोवर तास कापलेले असतात. नोटीस पाकिटातून येते आणि विमा कंपनीची पाकिटं घरात रोज येतात, म्हणून नूतनीकरणाच्या काळात एकही पाकीट न फोडता ठेवायचं नाही.